निळ्या रंगाचे तीन लाख संदर्भ

ऑलिव्हर लाउरी हे अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले जीवरसायनशास्त्रज्ञ. १९५१ मध्ये त्यांनी तीन सहकाऱ्यांसह द्रावणातलं प्रथिन मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. नमुन्यात आधी अल्कधर्मी तांब्याचं द्रावण मिसळायचं, मग फोलिनचं अभिकारक. परीक्षानळीत निळा रंग चढतो. तो जितका गडद, तितकं प्रथिन जास्त. कमी खर्चाची ही पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांनी उचलली.

२०१४ मध्ये ‘नेचर’ने सर्वाधिक उद्धृत शोधनिबंधांची यादी केली, तेव्हा हाच निबंध तीन लाखांहून अधिक संदर्भांसह अव्वल होता. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा १९५३चा निबंध मात्र पहिल्या शंभरातही नव्हता!

लाउरींनी स्वतःच म्हटलं होतं, की हा काही थोर निबंध नव्हे. त्यांचा जीव खरा रमला होता सूक्ष्म मापनात. केसाहून बारीक अशा क्वार्ट्झच्या तंतूंच्या तराजूवर ते एकेक चेतापेशी तोलत आणि तिच्यातली विकरं मोजत. ती चिकाटी संदर्भांच्या आकड्यात कुठे दिसते?

संदर्भसंख्या उपयोग सांगते, आणि उपयोगाचं मोल मोठंच आहे. पण नेमणूक-बढतीचा निवाडा केवळ तिच्यावर करणं हा संशोधकावर अन्याय आहे. निवड समित्यांनी उमेदवाराचे निदान दोन निबंध मुळातून वाचावेत आणि मुलाखतीत त्यांवरच प्रश्न विचारावेत.