खाशाबांना हरवणारा इशिई

हेलसिंकी ऑलिंपिकचा विषय निघाला की मराठी घरात एकच कहाणी सांगितली जाते: पैलवान खाशाबा जाधवांवर अन्याय झाला. पोलाद कारखान्याच्या नोकरीपायी भिलाईत येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांतही ती तशीच पोचली आहे. अन्याय झालाच. पण त्या कहाणीतून एक माणूस कायम गळतो. १९५२ च्या त्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीच्या ५७ किलो गटाचं सुवर्ण नेणारा जपानचा शोहाची इशिई. त्याने खाशाबांना हरवलं, ते काही नशिबाने नव्हे.

इशिई मुळात ज्युदोचा. युद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या अमलात ज्युदोवर निर्बंध आले आणि तो कुस्तीकडे वळला. तोल न सोडणं, समोरच्याचा जोर त्याच्याच अंगावर उलटवणं ही त्याची शिदोरी. त्याची उणी बाजूही तिथलीच. ज्युदोत हाताला झग्याची कॉलर लागते, बाही लागते. कुस्तीत लागतं ते घामाने निसरडं अंग. मुरलेली पकड मोडून नव्याने घडवणं भल्याभल्यांना जमत नाही. त्याला जमलं. हेलसिंकीत जपानला मिळालेलं एकमेव सुवर्ण त्याचंच.

समोर कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. ढाक हा त्यांचा हुकमी डाव: मान कवेत आवळायची आणि समोरच्याला कमरेवरून थेट जमिनीवर. अंगाने हलके, पण कमालीचे चपळ. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी या स्पर्धेत हरवलं. कच्चा दुवा होता मॅटचा. मातीत पाठ लागली की निकाल लागला. मॅटवर पंच एकेक हालचाल मोजतात. १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला रीस गार्डनर या प्रशिक्षकाने त्यांच्याकडून मॅटची तयारी करून घेतली, तेव्हा ते सहावे आले होते. चार वर्षांत सहाव्यावरून तिसऱ्यावर येणं ही झेप मोठी. तरीही मातीत वाढलेला गडी एका मोठ्या फेकीची वाट बघतो आणि तेवढ्यात मॅटचा गडी गुण खिशात घालतो. इशिईने ती लढत पंचांच्या कौलावरच घेतली.

दुसरा कच्चा दुवा मात्र खाशाबांच्या अंगात नव्हता. त्या लांबलेल्या लढतीनंतर त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद ममादबेयोवसमोर उभं केलं, असं सांगतात. नियमाने अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. ती मागायला एकही भारतीय अधिकारी जवळ नव्हता. ज्यांच्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं, त्यांच्यासाठी मॅटच्या कडेला उभं राहायला कुणाला सवड नव्हती.

आता २०२४ चं पॅरिस बघा. गट पुन्हा ५७ किलोचा, समोर पुन्हा जपानी. रेई हिगुचीने उपांत्य फेरीत भारताच्या अमन सेहरावतला १०-० असं पहिल्याच फेरीत गुंडाळलं. त्यानंतर अमनचं वजन मर्यादेपेक्षा सुमारे साडेचार किलोंनी जास्त भरलं. प्रशिक्षकांनी रात्रभर त्याला घाम गाळायला लावून ते उतरवलं आणि दुसऱ्या दिवशी त्याने कांस्य जिंकलं. कौशल्यातलं अंतर बहात्तर वर्षांनंतरही दिसतंच. बदलली ती कडेला उभी राहणारी माणसं. खुद्द हिगुचीही निर्दोष नाही. २०२१ मध्ये ऑलिंपिक पात्रता स्पर्धेत अवघ्या ५० ग्रॅमनी त्याचं वजन जास्त भरलं आणि टोकियोला जाणं अखेर हुकलं.

महाराष्ट्राचं सगळं लक्ष मात्र अजून वजनदार गड्यांवर. १९६१ पासून चालत आलेल्या महाराष्ट्र केसरीची गदा, चारचाकी, मिरवणूक, सगळं तिथेच. २०२५ मध्ये अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ जिंकला, पण गाजली ती पंचांच्या निर्णयावरची हाणामारी. पदकं मात्र हलक्या गटांतून आली आहेत. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१९ मध्ये ६१ किलोत जागतिक कांस्य आणलं. तो गट ऑलिंपिकमध्ये नाही, आणि ५७ किलोच्या वाटेवर तोवर भारताचाच रवी दहिया पाय रोवून उभा होता.