नवे बांधलेले इंजिन आणि पहिले पन्नास तास

ट्रॅक्टर निळा धूर ओकू लागला, ब्रीदरमधून फुसफुस वाफ येऊ लागली आणि दर चार दिवसांनी ऑइल घालावे लागले, की मिस्त्री एकच वाक्य बोलतो, "लायनर-पिस्टन गेले, इंजिन खोलावं लागंल." मग घरात हिशेब सुरू होतो. कुणी सोन्याकडे बघते, कुणी गोठ्यातल्या म्हशीकडे.

आमच्या शेजारी असेच झाले. इंजिन बांधून संध्याकाळी घरी आले. सकाळी पोरगा म्हणाला, "आबा, कारखान्याची टोळी खोळंबलीय, ट्रॉल्या जोडतो." आबांनी मान हलवली. भरल्या उसाच्या दोन ट्रॉल्या, वर चढाचा रस्ता. दुपारी इंजिन तापून जाम झाले. मिस्त्री म्हणतो, "चालवलं वाईट." पोरगा म्हणतो, "बांधलं वाईट." पैसे मात्र आबांचे गेले.

याच्या उलट करणारेही पुष्कळ. 'रनिंग' काढायचे म्हणून इंजिन रात्रभर अंगणात हळू चालू ठेवतात. त्यानेही नुकसानच होते. नव्या लायनरच्या आतल्या अंगाला बारीक आडव्यातिडव्या रेघा मारलेल्या असतात. त्यांवर रिंगा घासून एकजीव व्हाव्या लागतात. इंजिनावर भार असला म्हणजे जळत्या वायूचा दाब रिंगेच्या मागे जातो आणि तिला लायनरवर दाबून धरतो. भारच नसेल तर रिंग नीट दबत नाही, लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि ऑइल पुढेही जळतच राहते. फार भार घातला तर घर्षणाने पिस्टन तापून धरतो. म्हणून मधला मार्ग धरावा.

पण चालवण्याआधी बांधणी चोख हवी. मिस्त्रीजवळ बसून एवढे बघावे :

इंजिन उघड्या खळ्यावर बांधू देऊ नये. धुळीचा एक कण बेअरिंग खातो. क्रँकमधली ऑइलची भोके धुऊन, हवा मारून साफ करून घ्यावीत.

लायनर बसवला की खालच्या रबरी रिंगा पिळल्या नाहीत ना, हे पाहावे. चेंबर लावण्याआधी ब्लॉकमध्ये पाणी भरून थोडा वेळ ठेवावे. थेंब गळला तर तो तेव्हाच दिसतो. नंतर तेच पाणी ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल दुधासारखे होते.

पिस्टनच्या रिंगांची तोंडे एका रेषेत ठेवू नयेत. ज्या बाजूला खूण आहे, ती बाजू वर यावी. रिंगेच्या तोंडाची फट आधी लायनरमध्ये घालून फिलर गेजने मोजावी.

बेअरिंगखाली कागद किंवा पत्रा घालू देऊ नये, कॅपही कानशीने घासू देऊ नये. एकेक कॅप आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून पाहावा. अडला तर तिथेच थांबावे.

हेडचे बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच आवळावेत. किती आवळायचे ते कंपनीच्या पुस्तकात असते. "हाताला अंदाज आहे" हे उत्तर ऐकून घेऊ नये.

सुरू करण्याआधी डिझेल बंद ठेवून, ऑइलचा दाब दिसेपर्यंत इंजिन फिरवावे. मग डिझेलमधली हवा काढून सुरू करावे. गळती, ऑइलचा दाब आणि पाण्याची उष्णता यांवर नजर ठेवावी. एअर क्लीनरचा पाइप फाटलेला असेल तर आधी बदलावा. नाहीतर फाटक्या पाइपातून ओढलेली धूळ नव्या रिंगा पार घासून टाकते.

पहिले आठ-दहा तास हलके काम द्यावे : कुळवाची पाळी, अर्धी रिकामी ट्रॉली. वेग एकसारखा ठेवू नये, कमी-जास्त करावा. उभे ठेवून तासन् तास चालवू नये. पुढे भार हळूहळू वाढवावा. खोल नांगरट, रोटाव्हेटर आणि भरल्या ट्रॉल्यांचा चढ यांना पन्नास तास थांबायला लावावे. पन्नास तासांनी ऑइल आणि फिल्टर बदलावेत. त्या ऑइलात नव्या भागांची झीज उतरलेली असते.

एक काम घरातल्या लेकीसुनांनी हाती घ्यावे. दुधाच्या वहीशेजारी ट्रॅक्टरची वही ठेवावी. तारीख, तास, कोणते काम केले, किती ऑइल घातले एवढेच लिहावे. ऑइल घालणे दिवसेंदिवस कमी होत गेले तर रिंगा बसल्या असे समजावे. कमी होत नसेल तर वही घेऊन मिस्त्रीकडे जावे. मग "चालवलं वाईट" असे त्याला म्हणता येणार नाही.

ऊस दोन दिवस उशिरा गेला तर वजनात थोडी घट येईल. इंजिन दुसऱ्यांदा खोलावे लागले तर हंगामच जाईल. नव्या बैलालाही आपण पहिल्या दिवशी मोटेला जुंपत नव्हतो, हे आबांच्या पिढीला सांगायला नको.