रक्त पडलं म्हणजे नेमकं काय?

मंडळी, आज जरा भांडायचे आहे. डॉक्टरांशी, आणि आपल्याशीही.

पहिले भांडण डॉक्टरांशी. घोळणा फुटला की कागदावर 'एपिस्टॅक्सिस', खोकल्यातून रक्त आले की 'हिमॉप्टिसिस', उलटीतून आले की 'हिमॅटेमेसिस', लघवीतून गेले की 'हिमॅच्युरिया'. ओळखीतल्या एका आजोबांना घरी सोडताना कागदावर 'मेलेना' असे लिहिले होते. घरच्यांना ते गोळीचे नाव वाटले! मेलेना म्हणजे डांबरासारखी काळी, चिकट शी. जठरात वगैरे रक्त झिरपले की खाली येईपर्यंत ते काळे पडते. 'पुन्हा अशी झाली तर लगेच या', एवढे मराठीत सांगायला कितीसा वेळ लागला असता?

गंमत म्हणजे हे शब्द तरी काय मोठे आहेत? मेलेनाचा मूळ ग्रीक अर्थ नुसता 'काळी', आणि एपिस्टॅक्सिसचा 'थेंब थेंब गळणे'. ग्रीकांचे साधे शब्द ते शास्त्र, आणि आपला 'घोळणा' मात्र गावंढळ! आपल्या आयुर्वेदानेही रक्तपित्ताचे ऊर्ध्वग आणि अधोग असे प्रकार केले, म्हणजे वरच्या वाटेने जाणारे आणि खालच्या वाटेने जाणारे. ज्या पनवेलमध्ये १८७२ साली धूतपापेश्वर सुरू झाले, तिथल्या माणसाला आपला आजार आपल्या भाषेत कळू नये?

कोणी म्हणेल, एका डॉक्टरचा कागद दुसऱ्याला कळायला हवा. मान्य. तो शब्द राहू द्या, खाली एक ओळ मराठीत लिहा. आणि कृपा करून कोशातले जडजंबाल शब्द नकोत, घरातले लिहा.

दुसरे भांडण आपल्याशी. 'रक्त पडलं' एवढेच सांगून आपण मोकळे. खोकून की उलटीतून? लालभडक की कॉफीच्या चोथ्यासारखे? जखमेतसुद्धा फरक असतो. धमनी कापली तर लालभडक चिळकांडी उडते, शीर कापली तर गडद रक्त संथ वाहते, खरचटले तर नुसते पाझरते. चिळकांडी दिसली तर जखम घट्ट दाबून धरायची आणि दवाखाना गाठायचा. हळद शोधत बसायचे नाही.

आणि बायकांचे 'अंगावरून जाणे'! पाळी जाऊन वर्ष लोटल्यावर एक डाग दिसला तरी दाखवायला हवा. बहुतेकदा कारण साधे निघते, पण ती कर्करोगाचीही खूण असू शकते. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणी 'उष्णता असेल' म्हणून गप्प बसतात. ही लाज जिवावर बेतते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. ती दवाखान्याच्या आत कधी जाणार?

जाता जाता मास्तरीणबाईंची सवय. शब्द 'रक्तस्राव' आहे, 'रक्तस्त्राव' नव्हे. स्रवणे त्यावरून स्राव. त्यात 'त' कुठून घुसला?

असो. तुमच्या गावाकडे घोळणा फुटण्याला काय म्हणतात, जरूर कळवा.