उत्तरकार्याआधी सही नाही : ट्रक अपघातग्रस्त कुटुंबांच्या वतीने कोल्हापुरातून जाहीरनामा

अवजड गाडीखाली घरचा माणूस गेला की पुढचे दिवस कसे जातात, हे आम्हाला पाठ झाले आहे. पहिल्या दिवशी पंचनामा आणि शवविच्छेदन. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. आणि उत्तरकार्याच्या आत कुणीतरी ओळखीचा माणूस दारात येतो. तो गाडीमालकाचा पाहुणा असतो, नाहीतर आपल्याच भावकीतला. आवाज खाली घेऊन म्हणतो, ‘वहिनी, झालं ते झालं. कोर्टात गेला तर पोरं मोठी होतील तरी निकाल लागायचा नाही. पन्नास हजार देतो म्हणत्यात, मिटवून घ्या.’ स्टॅम्पपेपर त्याच्याजवळ तयार असतो. घरात दवाखान्याचे बिल थकलेले असते, किराणा संपलेला असतो, कपाळ नुकतेच पुसलेले असते. सही होते.

ही सही थांबवण्यासाठी आम्ही एकत्र आलो आहोत. आमच्यात अपघातात माणूस गमावलेली घरे आहेत, वकील आहेत, ऊसतोड कामगार आहेत, गाडीवर चालक म्हणून आयुष्य काढलेली माणसे आहेत.

त्या पन्नास हजारांचा हिशेब एकदा नीट मांडू. समजा, चौतीस वर्षांचा गवंडी आहे, महिन्याला १५,००० रुपये मिळवतो. मागे बायको, दोन मुले आणि आई. वर्षाची कमाई १,८०,०००. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१७ मध्ये प्रणय सेठी खटल्यात ठरवून दिले की, स्वतःच्या हिमतीवर कमावणारा माणूस चाळिशीच्या आतला असेल, तर पुढे वाढली असती त्या कमाईपोटी ४० टक्के धरायचे. झाले २,५२,०००. अवलंबून असलेली माणसे चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा. उरले १,८९,०००. या वयाला सरला वर्मा खटल्याच्या २००९ च्या निकालाप्रमाणे गुणक १६. एकूण ३०,२४,००० रुपये. पती गमावल्याची, बाप गमावल्याची, अंत्यसंस्काराची रक्कम याच्या वर. आता दारात आलेल्या माणसाचा आकडा पुन्हा वाचा.

पगाराची चिठ्ठी नाही म्हणून कमाई शून्य धरता येत नाही. किमान वेतन आणि कामाचे स्वरूप पाहून मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ती ठरवते. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामालाही कमाई मानायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती खटल्यात पुन्हा स्पष्ट केले आहे. पाय गेलेल्या माणसाचे नुकसान मोजताना नुसता अपंगत्वाचा टक्का बघून भागत नाही. पाय गेलेला कारकून खुर्चीत बसून काम करू शकतो, पाय गेलेल्या हमालाचा रोजगारच संपतो, आणि हा फरक न्यायालयांनी मान्य केलेला आहे. भरपाईचे एवढे शास्त्र तयार असताना आमच्या गावात व्यवहार ठरतो तो मध्यस्थाच्या मर्जीने.

कायद्याने खरे तर कागद गोळा करण्याचे सगळे ओझे त्या घरावर ठेवलेले नाही. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांच्या आत अपघाताचा पहिला अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा आहे, दहा दिवसांत कुटुंबाला त्यांचे हक्क लेखी कळवायचे आहेत आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल सादर करायचा आहे. पोलिसांचा अहवाल हाच भरपाईचा अर्ज मानण्याची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये आहे. डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच कामासाठी पोलिसांचे स्वतंत्र पथक नेमण्याचे आदेश दिले. हे नियम कागदावरून ठाण्यात उतरावेत, आणि ते उतरतात की नाही हे बघायला दर वेळी कुणीतरी कुटुंबाच्या बाजूने तिथे उभे असावे, एवढ्यासाठीच ही चळवळ आहे.

घाईत घेतलेला दुसराही एक निर्णय घर बुडवतो. कलम १६४ खाली चूक कुणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात. गरजेच्या वेळी ते मोठे वाटतात. पण ही रक्कम एकदा स्वीकारली की कलम १६६ खालचा दावा संपतो. काही घरांना तेच योग्य असेल, विशेषतः चूक आपल्याच माणसाची असण्याची शक्यता असेल तेव्हा. निर्णय हिशेब समजून घेऊन व्हावा, एवढाच आमचा आग्रह आहे. मुदतीचेही तसेच. नव्या दुरुस्तीप्रमाणे दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने, अंतिम निकाल होईपर्यंत केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश दिला आहे. तरीही आम्ही प्रत्येक घराला सहा महिनेच सांगणार. अंतरिम आदेशाच्या भरवशावर कुणाचे घर ठेवायची आमची तयारी नाही.

गाडी ठोकून पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी हात रिकामे राहत नाहीत. मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार देणारी केंद्राची योजना आहे. अर्ज महसूल अधिकाऱ्याकडे जातो, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीवर सात दिवसांत दीड लाखांपर्यंत रोख पैसे न भरता उपचार करण्याची योजनाही लागू आहे. ॲम्ब्युलन्सच्या आधी नातेवाईक पैसे शोधायला पळतात, ते या योजनेची माहिती नसल्यामुळे.

आमचा जिल्हा या प्रश्नाच्या ऐन रस्त्यावर आहे. पुणे–बेंगळुरू महामार्ग शिरोली, उचगाव, गोकुळ शिरगाव, कागल असा औद्योगिक वसाहतींच्या अंगावरून जातो. आंबा घाटातून येणारा रत्नागिरीचा रस्ता मलकापूरवरून शहरात उतरतो आणि पुढे हातकणंगले, जयसिंगपूरकडे जातो. आणि गळीत हंगाम सुरू झाला की गावागावांतून दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रीचे निघतात. मागचा दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. दुचाकीवरचा पोरगा अंधारात मागून जाऊन धडकतो आणि पंचनाम्यात लिहिले जाते की त्याचाच वेग जास्त होता. दिवे न लावता रस्त्यात उभ्या केलेल्या टँकरवर मोटार आदळली, त्या अर्चित सैनी खटल्यात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार चालवणाऱ्याच्या माथी चूक मारायला नकार दिला. म्हणून अपघाताच्या रात्रीच्या पंचनाम्यात ट्रॉलीला दिवा होता का, रिफ्लेक्टर होता का, ही नोंद झालीच पाहिजे. ती राहिली, तर पुढे कितीही मोठा वकील दिला तरी ती जागा भरून निघत नाही. फोटो काढा. सगळ्यात आधी फोटो काढा.

मालवाहू गाडीतून माणसे नेली जातात, हा याच दुखण्याचा दुसरा भाग. १० एप्रिल २०१८ रोजी खंबाटकीजवळ विजापूरकडच्या मजुरांना घेऊन शिरवळकडे निघालेली गाडी उलटली आणि अठरा माणसे गेली. मालवाहू गाडीत फुकट बसून जाणाऱ्यासाठी विमा कंपनी जबाबदार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या आशा राणी खटल्यातच म्हटले आहे. बीडहून आलेली टोळी उसावर बसून कारखान्याकडे जाते, तेव्हा तिच्या डोक्यावर हाच धोका असतो. अशा वेळी दावा मालकावर उरतो, नाहीतर कामगार भरपाईच्या कायद्याचा रस्ता बघावा लागतो. आणि टोळीतल्या बाईला हे माहीत हवे की तिने कोल्हापूरच्या तारखांना खेपा घालायची गरज नाही. दावा ती आपल्या राहत्या जिल्ह्यातही लावू शकते.

म्हणून आम्ही मागतो ते असे. साखर कारखान्यांनी काट्यावर वजन घेण्याआधी ट्रॅक्टरचा आणि ट्रॉलीचा, दोन्हींचा चालू विमा तपासावा. शेतीकामाच्या पॉलिसीवर भाड्याची वाहतूक चालू देऊ नये. विमा नसलेली अपघाती गाडी तारण घेतल्याशिवाय सोडली जाऊ नये; नियम तसाच आहे. हक्कांचा लेखी कागद मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात मिळावा. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. कित्येक दशके वकील आणि जनता रस्त्यावर उतरली तेव्हा ते मिळाले. विमा कंपनीने अपील केले की मुंबईच्या वाऱ्या करणाऱ्या सहा जिल्ह्यांतल्या घरांना आता आपल्या भागात न्याय मागता येतो. इथे मोटार अपघाताची जुनी अपिले वेगळी काढून प्राधान्याने चालवावीत, ही आमची नम्र पण ठाम विनंती आहे.

आता आमच्यावरची बंधने. आम्ही कुणाकडून टक्का घेणार नाही. भरपाईतला हिस्सा फी म्हणून ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे, आणि दवाखान्याच्या आवारात वकालतनाम्यावर सह्या गोळा करणारा दलाल आम्हाला मध्यस्थाइतकाच घातक वाटतो. बाईला, मुलाला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तिथपर्यंत आम्ही सोबत येऊ. खोटा दावा, गाडी बदलून लावलेला दावा, आम्ही उभा करणार नाही आणि दिसला तर गप्प बसणार नाही. प्रत्येक खोट्या दाव्याची किंमत पुढची खरी विधवा मोजते. लोकअदालतीतल्या तडजोडीला आमचा विरोध नाही. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून हिशेब मांडल्याशिवाय तिथे कुणी सही करू नये.

चालकाविरुद्ध ही चळवळ नाही. कायद्याने त्याला दिवसाला आठ तासांचे काम लिहून दिले आहे आणि तो सलग दोन रात्री जागून गाडी हाकतो. तो स्टिअरिंगवर मेला तर त्याच्या घरीही तोच मध्यस्थ जातो. त्या घरातही आम्ही जाऊ.

जिल्ह्यात बारा तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात किमान दोन माणसे हवीत, त्यातली एक बाई. फोन रात्री उचलावा लागेल, ठाण्यात आणि सीपीआर रुग्णालयाच्या शवविच्छेदन विभागाबाहेर थांबावे लागेल, पहिल्या अहवालाची प्रत मागून घ्यावी लागेल, आणि उत्तरकार्य होईपर्यंत त्या घरात रोज एक खेप घालावी लागेल. पैसे मिळणार नाहीत. विमा एजंट, वाहतूक ठेकेदार आणि अपघाताच्या दाव्यांवर टक्का घेणाऱ्यांना सभासद होता येणार नाही. बाकी सगळ्यांनी नावे द्यावीत. कामाची सुरुवात शिरोळ, हातकणंगले आणि करवीर तालुक्यांतून, येत्या हंगामाची मोळी टाकण्याआधी होईल.