विषाणू आटोक्यात, पण आतड्याचे काय?

सरकारी रुग्णालयांत १ एप्रिल २००४ पासून एचआयव्हीवरील एआरटी औषधे मोफत मिळू लागली. २०१७ पासून सीडी-४ पेशी कितीही असोत, निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आले. नियमित गोळ्या घेणाऱ्या बहुतेकांच्या रक्तात आज विषाणू तपासणीत सापडतही नाही. तरीही 'पोट ठीक राहत नाही' ही तक्रार कायम राहते आणि ती किरकोळ समजून सोडून दिली जाते.

ती किरकोळ नाही. रोगप्रतिकारक पेशींचा फार मोठा साठा आतड्याच्या अस्तरात असतो. एचआयव्ही शरीरात शिरल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच तेथील सीडी-४ पेशी नष्ट करतो. अस्तर कमकुवत झाले की आतड्यातील जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात आणि शरीरात मंद दाह सुरू राहतो. अमेरिकी संशोधकांनी २००६ मध्ये हे दाखवून दिले. त्याच वेळी आतड्यातील हितकारक जिवाणू घटतात, उपद्रवी वाढतात. एआरटीने विषाणू दबतो, पण अस्तर आणि जिवाणूंचा समतोल पूर्ववत होतोच असे नाही. उपचार जितके लवकर सुरू, तितके नुकसान कमी.

यावर उपाय म्हणून महागडी प्रोबायोटिक पावडर घेण्याचा मोह होतो. एचआयव्हीत तिचा ठोस फायदा अद्याप सिद्ध झालेला नाही. शिवाय आतड्यातले जिवाणू आहारानुसार बदलतात. धान्य-डाळी खाणाऱ्या निरोगी भारतीयांत 'प्रीव्होटेला' हा जिवाणू मुळातच भरपूर आढळतो. परदेशातील अभ्यासांत मात्र तो एचआयव्हीबाधितांत वाढलेला दिसला होता. तिकडचे निष्कर्ष इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. भाकरी, डाळ, पालेभाजी हा आपला आहार या जिवाणूंना पोषकच आहे.

खरी काळजी घ्यायची ती पाण्याची. छत्रपती संभाजीनगरात नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि ते ड्रम-टाक्यांत साठवले जाते. जे पाणी धडधाकट माणसाला दोन दिवस जुलाब देते, तेच सीडी-४ कमी असलेल्याला कित्येक आठवडे आजारी पाडू शकते. म्हणून पाणी उकळूनच प्यावे. जुलाब लागले की मेडिकलमधून मनाने अँटिबायोटिक आणू नये; त्याने उरलेसुरले हितकारक जिवाणूही मरतात. केंद्राने दिलेली कोट्रायमोक्साझोल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. ॲसिडिटीसाठी अँटासिड घेत असल्यास डोल्युटेग्रॅव्हिरची गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी. एकत्र घेतल्यास ती नीट शोषली जात नाही.

एआरटी केंद्रात वजन आणि गोळ्यांच्या हिशेबासोबत 'पोट कसे आहे, पाणी कुठले पिता?' हेही दर भेटीत विचारले गेले पाहिजे. शहराचा पाणीप्रश्न दर निवडणुकीत गाजतो. या रुग्णांसाठी मात्र स्वच्छ पाणी हा उपचाराचाच भाग आहे, आणि तो पुरवण्याची जबाबदारी एकट्या रुग्णालयाची नाही.