महापुरानंतरचा प्रश्न : दारात अर्जुन लावावा का?

२००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी कृष्णाकाठाला मोठा धडा दिला. २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. तिथली धोका पातळी ४५ फूट आहे. पूर ओसरल्यावर मळीच्या जमिनीचे काठ ढासळलेले दिसतात. ऊस पाण्याच्या कडेपर्यंत नेताना बऱ्याच ठिकाणी अर्जुन, करंज, उंबर, वाळुंज ही काठावरची झाडे तुटली. उसाची बहुतेक मुळे वरच्या दोन फुटांतच असतात. ढासळता काठ ती धरू शकत नाहीत.

म्हणून सध्या अर्जुनाची रोपे लावण्याकडे कल वाढतो आहे. कल योग्य आहे, पण जागा चुकली तर पुढे झाड तोडावे लागते.

ओळख पटवा
अर्जुनाची साल गुळगुळीत, पांढुरकी-राखाडी असते आणि तिचे पापुद्रे सुटतात. ऐनाची साल काळपट, भेगाळलेली असते. काही भागांत दोघांनाही 'सादडा' म्हणतात, त्यामुळे रोपवाटिकेत नीट विचारा.

जागा कशी निवडाल?
- झाड २० ते २५ मीटर वाढते. घर, विहीर आणि वीजतारांपासून किमान ३० ते ४० फूट अंतर ठेवा.
- काळ्या जमिनीत मोठे झाड ओल ओढते, माती आकसते आणि पायाला भेगा पडू शकतात. तिथे अंतर आणखी वाढवा.
- घराच्या पश्चिमेला लावल्यास दुपारची सावली मिळते.
- सांडपाण्याची ओल किंवा ओढ्याची कड उत्तम. माण, खटाव, आटपाडी, जतच्या कोरड्या माळावर पाण्याची सोय नसेल तर कडुनिंब बरा.

लागवड
जून-जुलैमध्ये दोन फूट लांब, रुंद, खोल खड्ड्यात शेणखत व माती भरून वर्षभराचे रोप लावा. पहिले दोन उन्हाळे पाणी द्या आणि जनावरांपासून राखा.

अपेक्षा किती ठेवाल?
एक झाड महापूर अडवणार नाही. काठावर अर्जुन, करंज, बांबू आणि गवत यांचा सलग पट्टा असेल तरच माती धरली जाईल. सावलीमुळे जवळच्या सऱ्यांत ऊस कमी येईल, हे धरूनच चाला. मात्र काठ गेला तर ती जमीन परत येत नाही. म्हणून काठाकडचे शेजारी शेतकरी एकत्र बसून या पावसाळ्यापूर्वीच पट्टा ठरवा.