स्क्रू फिरवणे म्हणजे दोषनिवारण नव्हे

उन्हाळ्याचे दिवस. इतवारीहून रामटेकच्या श्रीशांतिनाथ भगवंतांच्या दर्शनास निघालेली जुनी मारुती 800 कामठी मार्गावरील सिग्नलला थांबते, थरथरते आणि बंद पडते. मागच्या आसनावर वडीलधारी मंडळी, पाठीमागे ट्रकची रांग. जुने वाहन जपणाऱ्या घरांना हा प्रसंग नवा नाही. गॅरेजमध्ये आयडलचा स्क्रू थोडा फिरवून इंजिनाचा वेग वाढवला जातो, थरथर थांबते आणि सर्वांचे समाधान होते.

जैन कर्मसिद्धांतात उपशम आणि क्षय यांत भेद केला आहे. गढूळ पाण्यात निवळी टाकली की गाळ तळाशी बसतो. भांडे हलताच पाणी पुन्हा गढुळते. उपशमश्रेणीने अकराव्या गुणस्थानी पोहोचलेला जीवही म्हणूनच खाली येतो. स्क्रू फिरवणे हा केवळ उपशम होय.

मंद गतीत इंजिनाला हवा व पेट्रोल अत्यल्प मिळते. त्यामुळे वेगात लपणारा दोष तेथे उघड होतो. शोध सोप्याकडून अवघडाकडे न्यावा. प्रथम एअर फिल्टर पाहावा. नागपूरच्या धुळीने तो लवकर भरतो. मग प्लग काढावेत. टोक फिकट तपकिरी असल्यास ज्वलन ठीक, काजळीने काळे असल्यास पेट्रोल अधिक, पांढरे पडले असल्यास पेट्रोल कमी किंवा हवा अधिक. त्यानंतर प्लगच्या वायरी तपासाव्यात. कार्ब्युरेटरमधील मंद गतीचे बारीक जेट कचऱ्याने तुंबते; ते साफ करून घ्यावे. इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटल बॉडीवरील काजळी काढावी. या सर्वांनंतरच, इंजिन पूर्ण तापलेले असताना, गाडीच्या पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे स्क्रू लावावा.

आता मिळणाऱ्या 20 टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोलचाही विचार हवा. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने मिश्रण पातळ होते, आणि जुना कार्ब्युरेटर ते स्वतः सुधारू शकत नाही. जुन्या रबरी नळ्याही त्याने लवकर खराब होऊ शकतात.

नळ्यांची तपासणी मात्र कधीही टाळू नये. अनेक गाड्यांत ब्रेकला बळ देणारा बूस्टर इंजिनाच्या निर्वातावर चालतो. त्याची नळी भेगाळली तर बाहेरची हवा आत शिरून आयडल बिघडते आणि ब्रेकही जड होतो. इंजिन बंद असताना ब्रेक चार-पाच वेळा दाबावा, मग पाय दाबून ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. न गेल्यास गाडी रस्त्यावर नेऊ नये. स्क्रूने लपवलेली थरथर हीच त्या धोक्याची पहिली सूचना असू शकते.

ही तपासणी मोकळ्या जागेत करावी. बंद गॅरेजात चालू इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड वायू वास न येता प्राण घेतो. पेट्रोलच्या गाडीची पीयूसी चाचणी मंद गतीतही होते. तेथील अपयश म्हणजे आपल्या धुराने इतरांना होणारी पीडा.

तत्त्वार्थसूत्राने हिंसेचे मूळ प्रमादात पाहिले. वाहन वापरणाऱ्या श्रावकाला आरंभ पूर्णपणे टाळता येत नाही. यत्नाचार मात्र त्याच्या हाती आहे. यात्रेच्या आदल्या दिवशी बॉनेट उघडून दिलेली पंधरा मिनिटे हाही त्या यत्नाचाराचाच भाग होय.